वॉक-ऑफ: हरलेल्या पिचरने दिलेला शब्द

 

आजचा भाग बेसबॉलवर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका! बेसबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल, लागेल तेवढं मी सांगतो. कारण आजची गोष्ट खरं तर एका प्रश्नाची आहे, आणि तो प्रश्न तुम्ही-आम्ही आयपीएल बघताना रोज विचारतो. कुणी मैदानात सपशेल फेल गेला तर त्याच्याबद्दल कसं बोलायचं? आणि तसं बोलायचा हक्क कुणाला?

आजचा आपला माणूस आहे डेनिस एकर्स्ली. अमेरिकेत सगळे त्याला 'एक' म्हणतात, म्हणजे आडनावातला पहिला तुकडा. मराठीत त्याने घोळ होईल, म्हणून आपण एकर्स्लीच म्हणू. हा 24 सीझन मोठ्या लीगमध्ये खेळला, हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि नंतर वीस वर्षं टीव्हीवर बोलला. बेसबॉलमध्ये आज सगळ्यांच्या तोंडी असलेला एक शब्दही त्याच्याकडून आला. तो शब्द म्हणजे 'वॉक-ऑफ'. या शब्दाची गंमत अशी की आज तो जिंकणाऱ्याचा शब्द झालाय, पण मुळात तो हरणाऱ्याचा होता.

आधी दोन मिनिटं बेसबॉल

पिचर म्हणजे आपला बॉलर. फक्त तो धावत येत नाही. मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहून बॉल फेकतो, त्या उंचवट्याला माउंड म्हणतात. तिथून बॅटरपुढची होम प्लेट 60 फूट 6 इंच लांब. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट. पिचरने चार बॉल बाहेर टाकले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो, त्याला वॉक म्हणतात. तीन आउट झाले की डाव बदलतो. असे नऊ डाव, म्हणजे नऊ इनिंग. बॉल हवेतून थेट कुंपणापलीकडे गेला की होम रन.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. यजमान टीम नेहमी नंतर बॅटिंग करते. म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये यजमानांनी आघाडी घेतली, की मॅच त्या क्षणी संपली. मग पाहुण्या टीमच्या पिचरला दुसरा चान्स नसतो. त्याने फक्त माउंडवरून उतरायचं आणि चालत आत जायचं.

झालं आपलं बेसबॉल.

केस, मिशी आणि बिनधास्त तोंड

एकर्स्लीचा जन्म 1954 चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. वाढला जवळच्याच फ्रीमाँटमध्ये. 1972 मध्ये, शाळा संपता संपता, क्लीव्हलँडच्या टीमने त्याला घेतलं. 1975 मध्ये, विशीत, तो मोठ्या लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच सीझनमध्ये 13 मॅच जिंकला.

दिसायला एकदम हिरो. खांद्यावर रुळणारे काळे केस, जाड मिशी, आणि हात बाजूने फिरवून बॉल सोडायची स्टाइल. त्यात तोंडही चालू. बॅटर आउट झाला की त्याच्याकडे बोट दाखवणार. 30 मे 1977 ला त्याने कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण नऊ इनिंगमध्ये समोरच्या टीमला एकही हिट मिळू दिला नाही. शेवटचा बॅटर जरा रेंगाळला, तर हा माउंडवरून त्यालाच बोलावतोय की ये लवकर, शेवटचा आउट तूच आहेस. आणि खरंच त्याला आउट केला.

1978 मध्ये तो बॉस्टन रेड सॉक्सकडे गेला. त्याच सुमारास त्याचं पहिलं लग्न मोडलं. पण त्या वर्षी तो 20 मॅच जिंकला. त्या काळी पिचरसाठी 20 हा आकडा म्हणजे आपल्याकडे शतक.

मग हळूहळू घसरण सुरू झाली. 1984 मध्ये बॉस्टनने त्याला शिकागो कब्जला देऊन टाकलं. 1986 चा सीझन तर पार वाईट गेला, 6 विजय आणि 11 पराभव. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, खांदा थकला, वय झालं. आतली गोष्ट वेगळी होती. तो दारूत बुडाला होता.

1986 च्या ख्रिसमसच्या सुमारास त्याच्या मेहुणीने व्हिडिओ कॅमेऱ्यावर त्याला शूट केलं. तो प्यायलेला होता, आणि समोर त्याची लहान मुलगी होती. दुसऱ्या दिवशी तिने ती टेप त्यालाच लावून दाखवली.

आज आपल्या खिशात कॅमेरा असतो, त्यामुळे यात आपल्याला फार काही वाटणार नाही. पण 1986 मध्ये माणसाला स्वतःला असं बघायची सवय नव्हती. एकर्स्लीने ती टेप पाहिली आणि जानेवारी 1987 मध्ये तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. हे सगळं त्याने पुढे स्वतः जाहीरपणे सांगितलं. तो दारू सोडूनच बाहेर आला.

पायरी खाली उतरला आणि वर पोचला

एप्रिल 1987 मध्ये शिकागोने त्याला ओकलंड ॲथलेटिक्सकडे पाठवलं. बदल्यात काय घेतलं? खालच्या लीगमधले तीन खेळाडू, ज्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. म्हणजे 32 वर्षांच्या एकर्स्लीची बाजारातली किंमत एवढीच उरली होती. पण ओकलंड म्हणजे जन्मगाव. घरवापसीच म्हणा ना.

तिथे मॅनेजर होता टोनी ला रूसा, पिचिंग कोच डेव्ह डंकन. त्यांनी एकर्स्लीला सांगितलं, तू आता मॅच सुरू करायची नाहीस, बुलपेनमध्ये बसायचं. बुलपेन म्हणजे राखीव पिचर बसतात आणि वॉर्म-अप करतात ती जागा. बारा वर्षं मॅचचा पहिला बॉल टाकणाऱ्या माणसाला हे डिमोशनच वाटणार. त्यालाही ते आवडलं नव्हतं. पण नेहमीच्या क्लोजरला दुखापत झाली आणि ते काम याच्याकडे आलं.

क्लोजर म्हणजे काय? आपली टीम थोडक्यात पुढे आहे आणि शेवटची इनिंग उरली आहे, तेव्हा येऊन मॅच बंद करणारा. आपल्याकडे विसावी ओव्हर बुमराहला देतात ना, तसंच. मॅच नीट बंद केली तर त्याच्या नावावर एक 'सेव्ह' जमा होते.

त्याआधीचे मोठे रिलीफ पिचर बऱ्याचदा दोन-दोन, तीन-तीन इनिंग टाकायचे. ला रूसाने एकर्स्लीला बहुतेक वेळा एकाच, शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवला. हा हिशोब साधा होता. लांब खेळताना तोच बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की तो तुम्हाला ओळखायला लागतो. एकाच इनिंगसाठी आलात तर त्याला ओळखायला वेळच मिळत नाही. त्यात एकर्स्लीचा कंट्रोल अफलातून. आज जगभर क्लोजर ज्या पद्धतीने वापरतात, ती याच जोडीने रुळवली.

1988 मध्ये त्याने 45 सेव्ह केल्या. त्यानंतर अमेरिकन लीगच्या फायनलमध्ये त्याच्या जुन्या बॉस्टनविरुद्ध चार मॅच झाल्या, चारही ओकलंडने जिंकल्या आणि चारही याने बंद केल्या. वर्ल्ड सिरीजमध्ये उतरताना हा माणूस देशातला सगळ्यात भरवशाचा क्लोजर होता.

आणि मग आली 15 ऑक्टोबर 1988 ची रात्र.

एक लंगडा बॅटर

जागा लॉस एंजलिस, डॉजर स्टेडियम. वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच. ओकलंड 4, डॉजर्स 3. नववी इनिंग, दोन आउट झालेले. म्हणजे एक विकेट हवी, बस.

डॉजर्सचा सगळ्यात मोठा बॅटर कर्क गिब्सन त्या रात्री खेळतच नव्हता. एका पायाचा हॅमस्ट्रिंग गेलेला, दुसऱ्याचा गुडघा. तो आत ड्रेसिंग रूममध्ये बर्फ लावून बसला होता. टीव्हीवर कॉमेंट्री करत होता व्हिन स्कली. बेसबॉल कॉमेंट्रीमध्ये स्कलीचं नाव म्हणजे आपल्याकडे क्रिकेटप्रेमी रिची बेनॉचं घेतात तसं. स्कली प्रेक्षकांना सांगत होता की गिब्सन डगआउटमध्ये दिसत नाही, आज तो खेळणार नाही. आत बसलेल्या गिब्सनने हे टीव्हीवर ऐकलं, आणि तो उठून तयारीला लागला.

तिकडे एकर्स्लीने माइक डेव्हिस नावाच्या बॅटरला वॉक दिला. चार बॉल बाहेर. आदल्या वर्षी हा डेव्हिस ओकलंडकडेच होता, त्याची ताकद माहीत होती, म्हणून याने जपून टाकायला घेतलं आणि वॉक देऊन बसला. ज्या माणसाचा कंट्रोल अख्ख्या देशात गाजत होता, त्याच्याकडून.

मग गिब्सन लंगडत बाहेर आला. स्टेडियम पेटलं.

पहिले दोन स्ट्राइक लगेच पडले. गिब्सनला धड उभं राहता येत नव्हतं. तो बॉल कसाबसा फाउल करत राहिला, बाहेरचे सोडत राहिला. काउंट झाला तीन बॉल, दोन स्ट्राइक. दरम्यान डेव्हिसने दुसरा बेस चोरला. आता एक साधा हिट जरी बसला असता तरी बरोबरी होती.

इथे एक मजेशीर गोष्ट आहे. डॉजर्सचा एक स्काउट होता, मेल डिडियर. स्काउट म्हणजे समोरच्या टीमचा अभ्यास करून रिपोर्ट देणारा. त्याने सिरीजच्या आधी डावखुऱ्या बॅटरना सांगून ठेवलं होतं, तीन-दोन काउंट झाला की एकर्स्ली बॅकडोअर स्लायडर टाकणार. म्हणजे बाहेर जाणारा वाटणारा, पण शेवटी वळून प्लेटच्या कडेवर येणारा बॉल. गिब्सन डावखुरा. तो बॉक्सच्या बाहेर आला, त्याला ते शब्द आठवले, परत आत गेला.

एकर्स्लीने तोच बॉल टाकला.

गिब्सनने जवळजवळ फक्त हातांच्या जोरावर तो उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला. डॉजर्स 5, ओकलंड 4. खेळ खल्लास. गिब्सन मूठ हलवत, लंगडत बेसेसना चक्कर मारतोय आणि व्हिन स्कलीने तिथे काय केलं? एका वाक्यात बॉल गेला म्हणून सांगितलं आणि गप्प बसला. एक मिनिटाहून जास्त वेळ फक्त प्रेक्षकांचा आवाज. टीव्ही कॉमेंट्री शिकायची असेल तर तो एक मिनिट ऐका.

गिब्सन त्या सिरीजमध्ये पुन्हा बॅटिंगला आला नाही. तेवढी एकच वेळ. डॉजर्सने सिरीज 4-1 ने जिंकली.

खुर्चीवर बसून राहिलेला माणूस

आता इथपर्यंतची गोष्ट अमेरिकेत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो.

मॅच संपल्यावर रिपोर्टर ओकलंडच्या ड्रेसिंग रूममध्ये घुसले. अशा वेळी खेळाडूकडे बरेच मार्ग असतात. शॉवरमध्ये जाऊन तासभर बसायचं. मागच्या दाराने बसमध्ये शिरायचं. 'नो कॉमेंट' म्हणायचं. एकर्स्ली आपल्या लॉकरपुढे बसून राहिला आणि येईल त्या प्रश्नाला उत्तर देत राहिला. तोच बॉल का टाकला? डेव्हिसला वॉक का दिला? एक घोळका गेला की दुसरा, पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा तीच उत्तरं. शेवटचा रिपोर्टर जाईपर्यंत तो हलला नाही. ना बॉल निसटल्याचं कारण, ना अंपायरला दोष, ना नशिबाला. टाकला मी, मारला त्याने.

त्या रूममध्ये असलेले रिपोर्टर पुढे कित्येक वर्षं हे लिहीत राहिले. अमेरिकेत 'हरल्यावर कसं वागावं' हे सांगायचं झालं की आजही ही रात्र काढतात.

दोन वर्षांपूर्वीची ती व्हिडिओ टेप आठवा. हा माणूस स्वतःचं वाईटात वाईट रूप स्क्रीनवर बघून बसला होता. त्यापुढे एका होम रनबद्दल बोलणं त्याला जमलं असावं, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण त्याचं पुढचं आयुष्य बघता मला तो पटतो.

आता तो शब्द. 1988 च्या उन्हाळ्यात, म्हणजे गिब्सनच्या त्या होम रनच्या काही महिने आधी, अमेरिकन पेपरांत एकर्स्लीच्या खास भाषेबद्दल छापून आलं होतं. त्यात होता 'वॉक-ऑफ पीस'. अर्थ काय? असा होम रन, की ज्यावर मॅच संपते आणि पिचरला माउंडवरून चालत निघून जावं लागतं. बघा हं, चालत कोण जातो? बॅटर नाही. बॅटर तर नाचत बेसेसना फेरी मारतोय, होम प्लेटवर टीममेट त्याच्यावर पाणी ओततायत. चालत जातो तो पिचर. मान खाली, एकटा, आणि सगळे कॅमेरे दुसरीकडे.

पुढे टीव्हीने तो शब्द उचलला. वॉक-ऑफ होम रन, वॉक-ऑफ सिंगल, वॉक-ऑफ विन. आज तुमच्या फोनवर स्पोर्ट्स ॲपचं नोटिफिकेशन येतं त्यात 'वॉक-ऑफ' म्हणजे जल्लोष. ज्याचा तो शब्द होता तो माणूस फ्रेमच्या बाहेर गेला.

आपल्याकडेही असंच होतं. 2016 चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप फायनल, ईडन गार्डन्स, शेवटची ओव्हर, कार्लोस ब्रॅथवेटचे सलग चार सिक्स. ती क्लिप आपण शंभरदा पाहिली असेल. बेन स्टोक्स पिचवर बसकण मारतो, तो भाग बहुतेक रील्समध्ये कापलेला असतो.

भीतीवर चालणारा माणूस

गिब्सनच्या होम रननंतर एकर्स्ली संपला का? अजिबात नाही.

1989 मध्ये ओकलंड परत वर्ल्ड सिरीजमध्ये. समोर खाडीपलीकडचे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स. तिसऱ्या मॅचच्या आधी मोठा भूकंप झाला, सिरीज दहा दिवस थांबली. ओकलंडने ती 4-0 ने जिंकली. शेवटचा आउट कुणी केला माहितीये? एकर्स्लीने. सेकंड बेसमनने बॉल फेकला, याने पहिल्या बेसवर धावत जाऊन तो झेलला.

1990 चे आकडे तर वेड लावणारे आहेत. 73 इनिंगपेक्षा जास्त टाकल्या आणि वॉक किती दिले? चार. अख्ख्या सीझनमध्ये चार! नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर सरासरी रन 0.61. म्हणजे एकसुद्धा पूर्ण रन नाही. 1992 मध्ये 51 सेव्ह, त्या वर्षीचा बेस्ट पिचरचा साय यंग अवॉर्ड आणि अमेरिकन लीगचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, दोन्ही त्याला.

आणि हेही सांगायला हवं की त्याच 1992 च्या ऑक्टोबरमध्ये टोरांटोच्या रॉबर्टो अलोमारने नवव्या इनिंगमध्ये त्याला होम रन मारून बरोबरी साधली, आणि ओकलंड ती मॅच हरलं. म्हणजे सगळ्यात चांगल्या वर्षातसुद्धा हे चुकलं नाही.

एकर्स्ली स्वतः सांगत आलाय की तो भीतीवर पिचिंग करायचा. फेल जायची भीती, इज्जत जायची भीती. ती बोटं दाखवणं, तो सगळा माज, त्याच्या खाली ही भीती होती. चार वॉकचा आकडा भीतीतूनच आला असेल. आपण मोटिवेशनल रील्समध्ये ऐकतो की भीती काढून टाका. या माणसाने ती काढली नाही, कामाला लावली.

शेवटी सेंट लुईस, मग परत बॉस्टन, आणि 1998 च्या सीझननंतर रिटायर. हिशोब असा: 197 विजय, 171 पराभव, 390 सेव्ह, 1,071 मॅच. शंभर मॅच पहिल्या बॉलपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकलेल्या आणि वर शंभराहून जास्त सेव्ह, असं करणारा इतिहासात हा एकटाच पिचर. 2004 मध्ये पहिल्याच मतदानात हॉल ऑफ फेम.

माइकसमोर

2003 मध्ये तो बॉस्टनच्या एन.ई.एस.एन. चॅनलवर स्टुडिओमध्ये बसायला लागला. नंतर प्रत्यक्ष मॅचच्या कॉमेंट्री बॉक्समध्ये आला. मध्ये काही वर्षं टी.बी.एस. या नॅशनल चॅनलवरही होता.

पहिली गोष्ट म्हणजे भाषा. ही काही टीव्हीसाठी घोकलेली भाषा नव्हती, ड्रेसिंग रूमची होती. जोरदार फास्टबॉलला तो म्हणणार 'चीज'. लांब केसांना 'मॉस', म्हणजे शेवाळ. हळू, फसवे बॉल म्हणजे 'सॅलड'. प्लेटच्या अगदी कडेवर बॉल टाकला की 'पेंट', जणू ब्रशने रेघ मारली. पैसे म्हणजे 'आयर्न'. बॉस्टनच्या लोकांना हे इतकं आवडलं की त्याच्या शब्दांच्या डिक्शनऱ्या निघाल्या. आपल्या कट्ट्यावरचा एखादा मित्र असतो ना, ज्याचे शब्द हळूहळू सगळा ग्रुप वापरायला लागतो, तसा हा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. तो खरं बोलायचा. वाईट बॉल पडला की वाईट म्हणायचा. आणि इथे एक अडचण होती. एन.ई.एस.एन.मध्ये मोठा हिस्सा रेड सॉक्सच्या मालकांचाच. कॉमेंटेटर टीमच्या विमानातून प्रवास करतात. म्हणजे रात्री ज्यांच्याबद्दल बोललात, त्यांच्याच शेजारून सीटवर जायचं.

जून 2017. एदुआर्दो रॉड्रिगेझ हा बॉस्टनचा तरुण पिचर गुडघ्याच्या दुखापतीतून सावरत होता, खालच्या लीगमध्ये सरावाची मॅच खेळला होता. त्याचे आकडे स्क्रीनवर आले. आकडे खराब होते. एकर्स्ली एकच शब्द बोलला, 'यक'. म्हणजे आपल्या भाषेत 'शी!'

त्यानंतर टोरांटोला जाणाऱ्या टीमच्या विमानात डेव्हिड प्राइस त्याची वाट बघत होता. प्राइस म्हणजे सात वर्षांच्या 217 मिलियन डॉलरच्या करारावर आलेला स्टार पिचर. सगळ्यांसमोर त्याने एकर्स्लीला टोमणा मारला की बघा, हे आले जगातले सगळ्यात महान पिचर, यांना हा खेळ किती सोपा वाटतो. एकर्स्ली काही बोलायला गेला तर शिवी देऊन त्याला वाटेला लावलं. काही खेळाडूंनी चक्क टाळ्या वाजवल्या. 62 वर्षांचा माणूस, हॉल ऑफ फेमर, गुपचूप आपल्या सीटकडे गेला.

आता प्रामाणिकपणे बघूया, कोण बरोबर?

खेळाडूंची बाजू समजून घ्या. सीझन 162 मॅचचा. बॉस्टनचा मीडिया कडक. रॉड्रिगेझ बिचारा दुखापतीतून उठतोय. आणि आपल्याच टीमच्या चॅनलवर आपलाच माणूस 'शी' म्हणतो? जिवाला लागणारच. मित्र म्हणून प्राइस उभा राहिला, हे तरी कळण्यासारखं आहे.

आपल्याकडे 2019 च्या वर्ल्ड कपच्या वेळी हेच झालं. संजय मांजरेकरांनी रवींद्र जडेजाला 'बिट्स अँड पीसेस' खेळाडू म्हटलं, जडेजाने ट्विटरवर सणसणीत उत्तर दिलं आणि मग सेमीफायनलला 77 धावा ठोकल्या. तेव्हा ट्विटरवर दोन पार्ट्या पडल्या होत्या, तुम्हीही कुठल्या तरी एका बाजूला असालच.

पण प्राइसच्या टोमण्यात एक गोष्ट साफ चुकीची होती. 'यांना खेळ सोपा वाटतो.' ज्याला 171 पराभव माहीत आहेत, ज्याला गिब्सनचा तो बॉल आयुष्यभर टीव्हीवर परत परत दाखवला गेला, त्याला खेळ सोपा वाटत होता? उलट तो किती अवघड आहे हे त्याला पुरतं माहीत होतं, म्हणून तो साखर लावून बोलत नव्हता. 1988 च्या रात्री त्याने स्वतःच्या बॉलला जे लावलं तेच माप तो दुसऱ्यांच्या बॉलला लावत होता. आणि चांगला बॉल पडला की हाच माणूस लहान मुलासारखा ओरडायचा, हे विसरून चालणार नाही.

माझं मत सांगतो. एक शब्द, 'यक', हा निष्काळजी होता. खराब आकड्यांमागे काय चाललंय ते त्याने दोन वाक्यांत सांगायला हवं होतं, तेच तर त्याचं काम. पण खेळाडूंना न दुखवणारा कॉमेंटेटर हवा असेल तर मग प्रेक्षकाला जाहिरात ऐकायला लागते. या दोन्हीत निवडायचं झालं तर मी एकर्स्ली ऐकेन.

तो त्यानंतरही पाच सीझन बोलत राहिला, आणि बदलला नाही. 2022 मध्ये पिट्सबर्गच्या कमकुवत टीमबद्दल असं काही बोलला की तिकडचे लोक भडकले.

दोन जुने मित्र

बॉक्समध्ये त्याच्या शेजारी बसायचा जेरी रेमी. 1978 मध्ये दोघं एकाच वर्षी बॉस्टनला आलेले, टीममेट. रेमी अनेक वर्षं कॅन्सरशी झगडत कॉमेंट्री करत होता. डेव्ह ओब्रायन मॅचचं वर्णन करणार आणि हे दोघं गप्पा मारणार. बॉस्टनच्या कित्येक घरांत रात्रीच्या जेवणाला हे तीन आवाज असायचे.

5 ऑक्टोबर 2021 ला फेनवे पार्कवर न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध मोठी मॅच होती. सुरुवातीचा मानाचा बॉल टाकायला रेमीला आणलं. त्याला श्वासाचा त्रास होता. तो बॉल झेलायला समोर एकर्स्ली. आयुष्यभर बॉल फेकणारा त्या दिवशी झेलायला उभा होता. त्याच महिन्याच्या शेवटी रेमी गेला.

बरोबर एक वर्षाने, 5 ऑक्टोबर 2022 ला, एकर्स्लीने शेवटची मॅच केली आणि माइक खाली ठेवला. 1972 ते 2022, पन्नास वर्षं.

आणि कर्क गिब्सन? तोही पुढे डेट्रॉइटमध्ये टीव्ही कॉमेंटेटर झाला. 2015 मध्ये त्याला पार्किन्सन असल्याचं जाहीर झालं. हे दोघं नंतर अनेकदा एकत्र आले, गिब्सनच्या पार्किन्सनसाठीच्या कामाच्या कार्यक्रमांनाही एकर्स्ली गेला. ज्याने तुमच्या करिअरची सगळ्यात वाईट रात्र घडवली, त्याच्या शेजारी बसून ती रात्र लोकांना परत सांगायची. सोपं नाही हो.

तर मंडळी, आज एक होमवर्क देतो. यूट्यूबवर गिब्सनचा 1988 चा होम रन शोधा. पहिल्यांदा सगळे बघतात तसा बघा, मूठ हलवणाऱ्या गिब्सनकडे. मग दुसऱ्यांदा बघताना 43 नंबरचा पिचर शोधा. बॉल कुंपणापलीकडे गेल्यावर तो किती वेळ दिसतो ते मोजा. वॉक-ऑफ हा शब्द त्याचा आहे.

आणि कमेंटमध्ये सांगा, प्राइस बरोबर की एकर्स्ली? भांडा बिनधास्त, फक्त शिव्या नकोत. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.